तिसरा स्तन, कावसजींचे नाक आणि ‘सौंदर्य’ नावाची चुकीची चौकट

आजचा धागा लांब आहे आणि विषय थोडा अवघड. इतिहासाच्या गप्पांत तो सहसा निघत नाही. निघालाच तर कुणीतरी ओशाळते किंवा कुणीतरी कुजबुजत विनोद करते. म्हणूनच तो मुद्दाम काढतो आहे.

सुरुवात पंचतंत्रापासून करू. पाचव्या तंत्रात, म्हणजे अपरीक्षितकारकात, एका राजकन्येची कथा आहे. ती जन्माला येते तीच तीन स्तन घेऊन. राजा हादरतो. ब्राह्मणांना विचारले जाते आणि उत्तर मिळते, की असे व्यंग असलेली कन्या पित्याच्या दृष्टीस पडली तर पित्याचा नाश होतो. तेव्हा तिला पाहू नये आणि जो कोणी विवाहास तयार होईल त्याला देऊन राज्याबाहेर धाडावी. दवंडी पिटली जाते. त्रिस्तनीशी लग्न करणाऱ्यास लाख सुवर्णमुद्रा आणि देशत्याग. एक आंधळा पुढे येतो, सोबत त्याचा कुबडा मित्र. पुढे विष, काळा सर्प, मारामारी असे बरेच घडते. सर्प शिजत असताना त्याची वाफ लागून आंधळ्याला दिसू लागते, आणि संतापून तो कुबड्याला पाय धरून गरगर फिरवतो व राजकन्येच्या छातीवर आदळतो. त्या आघाताने तिसरा स्तन आत जातो आणि कुबड्याची पाठही सरळ होते.

लहानपणी ही गोष्ट वाचून आपण हसलो असू. आता पुन्हा पाहा. मुलीला काही दुखत नव्हते. तिच्या देहाने कुणाचे काही बिघडवले नव्हते. तरी तिला पित्याच्या नजरेआड केले गेले आणि तिच्यावर ‘उपचार’ झाला तोही तिला न विचारता, दोन पुरुषांच्या भांडणात, अपघाताने.

दक्षिणेत याचीच दुसरी बाजू दिसते. मदुरैच्या मीनाक्षीची कथा अशी, की पांड्य राजा मलयध्वजाच्या यज्ञातून प्रकटलेल्या त्या कन्येला तीन स्तन होते आणि भावी पती दृष्टीस पडताच तिसरा नाहीसा होईल असे भाकीत होते. तिला कोणी हाकलले नाही. ती राज्यावर बसली, सैन्य घेऊन दिग्विजयाला निघाली आणि कैलासावर शिवाला पाहताच तिसरा स्तन मावळला. एकच शरीरलक्षण एका कथेत अपशकुन आणि दुसऱ्या कथेत दैवी खूण ठरते. शरीर तेच, बदलते ती नजर. मात्र दोन्ही कथांत एक गोष्ट समान आहे: शेवटी तो स्तन जावाच लागतो. देवी झाली तरी तिची सुटका नाही.

कथा बाजूला ठेवू. स्तनांची जन्मजात व्यंगे ही वैद्यकीय वस्तुस्थिती आहे आणि तिचे प्रकार अनेक. गर्भावस्थेत काखेपासून जांघेपर्यंत दोन्ही बाजूंना एकेक ‘दुग्धरेषा’ उमटते. पुढे ती छातीवरचा भाग सोडून विरते. ती पुरती विरली नाही तर जादा स्तनाग्र किंवा काखेत जादा स्तनऊतक राहते. हे मुळीच दुर्मीळ नाही. अनेकांना ते तीळच वाटते. काखेतल्या गाठीचा पत्ता तर कित्येकींना पहिल्या बाळंतपणानंतर, दूध उतरून ती फुगते तेव्हा लागतो. युरोपात चेटकिणींच्या खटल्यांत स्त्रियांच्या अंगावर ‘सैतानाला पाजण्याचे स्तनाग्र’ शोधले जाई. ते शोधणाऱ्यांच्या हाती असे एखादे निरुपद्रवी लक्षण लागले, की पुढे काय होत असे ते सांगायला नको.

याच्या उलट टोकाला अभाव असतो. एका बाजूचा स्तन उमलतच नाही. या गटातल्या सर्वांत प्रसिद्ध अवस्थेचे नाव आहे पोलंड सिंड्रोम. पोलंड देशाशी त्याचा संबंध नाही. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये आल्फ्रेड पोलंड नावाच्या तरुणाने एका मृत कैद्याचे शवविच्छेदन केले आणि १८४१ मध्ये रुग्णालयाच्या अहवालात लिहिले, की याच्या छातीच्या एका बाजूचा मोठा स्नायू बहुतांशी नाहीच. त्याच बाजूच्या हाताची बोटेही जोडलेली होती. पोलंड यांच्या आधी फ्रान्समध्ये लालमाँ यांनी १८२६ मध्ये आणि जर्मनीत फ्रोरीप यांनी १८३९ मध्ये अशाच नोंदी केल्या होत्या. मग नाव पोलंडचे का? १९६२ मध्ये त्याच गाय्ज हॉस्पिटलच्या पॅट्रिक क्लार्कसन यांनी जुनी नोंद उकरून काढली आणि आपल्या संस्थेच्या माणसाचे नाव त्या व्यंगाला दिले. इतिहासात नावे अशीच चिकटतात. फ्रोरीप यांनी वर्णन केले होते ते एका स्त्रीचे. पोलंड यांचा विषय पुरुष होता, म्हणजे स्तनाच्या अभावाचा प्रश्न तिथे उद्भवलाच नव्हता. आज मात्र या अवस्थेतल्या मुली शल्यविशारदाकडे येतात त्या मुख्यतः त्याच कारणाने.

आता माझा मुद्दा मांडतो. या व्यंगांवरच्या शस्त्रक्रियेला आपण सर्रास ‘कॉस्मेटिक’ म्हणतो, म्हणजे नटण्यासाठी केलेली. हा शब्द इतिहासदृष्ट्या चुकीचा आहे आणि माणुसकीच्या दृष्टीने अन्यायाचा. पहिल्या महायुद्धात सैनिकांचे फाटलेले चेहरे शिवणारे हॅरोल्ड गिलीज यांच्या नावावर एक भेद सांगितला जातो: पुनर्रचना म्हणजे शरीराला सामान्याकडे परत नेणे, आणि सौंदर्यशस्त्रक्रिया म्हणजे सामान्याच्या पुढे जाऊ पाहणे. जिच्या छातीची एक बाजू जन्मतःच सपाट आहे ती सामान्याच्या पुढे जायला निघालेली नाही. ती अजून सामान्यापर्यंत पोहोचलेलीच नाही.

आणि या शस्त्रक्रियेची तंत्रे आली कुठून? ती सौंदर्याच्या दुकानातून आलेली नाहीत. ती आली युद्धातून, शिक्षेतून आणि कर्करोगातून.

इथे पुणे येते. कावसजी हा इंग्रजी फौजेचा गाडीवान. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापले गेले. सुमारे वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका कुंभार जातीच्या, विटा पाडणाऱ्या समाजातल्या कारागिराने त्याला कपाळाच्या कातड्याचे नाक बसवून दिले. ही कृती मुंबई इलाख्यातल्या क्रूसो व फिंडले या दोन इंग्रज वैद्यांनी पाहिली आणि तिचे वर्णन १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करायचा, तो कपाळावर पसरून त्याची रेघ ओढायची, तेवढे कातडे सोडवायचे, पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी जोडलेलीच ठेवायची. मग ते कातडे फिरवून नाकाच्या जागी बसवायचे, कातात भिजवलेल्या कापडाने बांधायचे आणि जवळपास पंचवीस दिवसांनी ती पट्टी कापायची.

सारे रहस्य त्या पट्टीत आहे. ती म्हणजे देठ. देठातून रक्त येत राहते, तोवर नव्या जागी नव्या रक्तवाहिन्या रुजतात. जोसेफ कार्प्यू यांनी हे वर्णन वाचून १८१४ मध्ये लंडनमध्ये ती शस्त्रक्रिया करून दाखवली आणि युरोपात ‘हिंदी पद्धत’ हे नाव रूढ झाले. सुश्रुतसंहितेत नाकाची अशीच कृती गालाच्या कातड्याने सांगितली आहे. ज्याने प्रत्यक्ष हात चालवला त्या पुण्याच्या कारागिराचे नाव मात्र त्या वर्णनात नाही. आपण सुश्रुताचा अभिमान बाळगतो, तो बाळगावाच, पण त्या अनाम हाताचाही थोडा बाळगायला हवा.

देठाचे हे तत्त्व पुढे छातीवर आले. १९०६ मध्ये इटलीतील इजिनिओ तान्सीनी यांनी कर्करोगासाठी स्तन काढल्यानंतरची जखम पाठीच्या रुंद स्नायूने आणि त्यावरच्या कातड्याने झाकली. स्नायू पाठीपासून सोडवायचा, काखेजवळचा रक्तवाहिन्यांचा देठ तसाच ठेवायचा आणि तो फिरवून पुढे आणायचा. कावसजीच्या कपाळाचे आणि तान्सीनींच्या पाठीचे गणित एकच. पण त्या काळी अमेरिकेतील हॉल्स्टेड यांच्या मूलगामी शस्त्रक्रियेचा दबदबा असा होता, की स्तन काढल्यावर तिथे काही उभारणे हीच उठाठेव मानली गेली. तान्सीनींची युक्ती जवळपास सत्तर वर्षे अडगळीत पडली आणि १९७० च्या दशकात पुन्हा सापडली. आज पोलंड सिंड्रोममध्ये हीच युक्ती कामी येते. ती छातीला नुसता फुगवटा देत नाही, नसलेल्या स्नायूची काखेपुढची कडही उभी करते. दुर्दैव असे, की काही रुग्णांत पाठीचा हा स्नायूदेखील जन्मतः नसतो. म्हणून आधी तो तपासून पाहावा लागतो.

दुसरी वाट भरण्याची. १८९५ मध्ये हायडेलबर्गच्या व्हिन्सेंझ चेर्नी यांनी गाठीमुळे स्तनग्रंथी काढलेल्या एका गायिकेच्या छातीत तिच्याच कमरेजवळची चरबीची गाठ नेऊन बसवली. स्वतःच्याच शरीराचे द्रव्य वापरले, ही दृष्टी सुज्ञ होती. पण चारच वर्षांनी व्हिएन्नात रॉबर्ट गेर्सुनी यांनी पॅराफिन टोचण्याचा मार्ग काढला आणि पुढच्या काळात कठीण गाठी, चिघळणाऱ्या जखमा व रक्तवाहिन्यांत शिरलेले मेण यांची मालिका सुरू झाली. शहाणपण पुढे जाते आणि मागेही येते, हे या शाखेत फार दिसते.

१९६२ च्या वसंतात ह्यूस्टनमध्ये थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो यांनी सिलिकॉनची पहिली जोडी टिमी जीन लिंडसी या स्त्रीच्या छातीत बसवली. सांगतात, की गेरो यांना रक्ताची प्लास्टिक पिशवी दाबून पाहताना ही कल्पना सुचली. आधीची चाचणी एका कुत्रीवर झाली होती. लिंडसीबाई रुग्णालयात गेल्या होत्या त्या गोंदण काढून घ्यायला. त्यांना स्वतःच्या अंगात काही बदलायचे होते तर ते कान होते. डॉक्टरांनी छातीचा प्रस्ताव पुढे केला आणि त्यांनी मान्य केला. ज्या वर्षी क्लार्कसन एका जन्मजात व्यंगाला नाव देत होते, त्याच वर्षी ज्या वस्तूने त्या व्यंगाची दुरुस्ती पुढे सोपी होणार होती ती वस्तू जिला कसलेच व्यंग नव्हते अशा स्त्रीच्या अंगात जात होती. वैद्यकीय साधनांवर नियंत्रण ठेवणारा अमेरिकेचा कायदा यायला अजून चौदा वर्षे होती.

१९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या रीस आणि ॲस्टन यांनी ‘कंदाकार स्तन’ या अवस्थेचे वर्णन केले. इथे स्तन असतो, पण त्याचा पाया आवळलेला असतो. तळाशी घट्ट तंतूंचे कडे असते, खालचा भाग पसरत नाही आणि वाढणारी ग्रंथी वाट मिळेल तिथे, म्हणजे स्तनमंडलातून, पुढे घुसते. वर्णन होण्यापूर्वी अशा किती मुलींना ‘लहान आहेत, मोठे करून देतो’ एवढेच ऐकावे लागले असेल! नुसते रोपण घातले तर ते कडे तसेच राहते आणि खाली दुहेरी वळ दिसतो, जणू एका फुग्याखाली दुसरा फुगा. खरा उपाय आधी ते कडे आतून छेदून पाया मोकळा करण्याचा, ग्रंथी उलगडून खाली पसरवण्याचा आणि पसरलेले मंडल लहान करण्याचा. रोपण किंवा चरबी हे त्यानंतरचे. १९९९ मध्ये फ्रान्सच्या ग्रोलो व सहकाऱ्यांनी पाया कुठे व किती आवळला आहे यावरून याच्या तीन पायऱ्या पाडल्या. हे मी विस्ताराने सांगतो आहे, कारण ‘लहान’ आणि ‘आवळलेला’ यांतला फरक ओळखणे हाच इथला उपचाराचा निम्मा भाग आहे. व्यंगाचे नीट नाव घेतल्याशिवाय त्याची नीट दुरुस्ती होत नाही.

मग येते १९८२. या एका वर्षाला या इतिहासात वेगळी जागा द्यायला हवी. चेदोमीर रादोव्हान यांनी ऊतकप्रसारकाचा अनुभव प्रसिद्ध केला: कातड्याखाली रिकामी पिशवी ठेवायची, तिच्यात आठवड्यामागून आठवडे क्षारपाणी भरत जायचे आणि कातडे ताणून वाढू द्यायचे. वाढत्या वयाच्या मुलीसाठी हे वरदानच, कारण एक बाजू नैसर्गिक वाढत असताना दुसरी पिशवीने तिच्यासोबत वाढवता येते. त्याच वर्षी अटलांटाच्या कार्ल हार्ट्राम्फ यांनी पोटाच्या कातडी-चरबीचा देठासकट वापर मांडला. तोही मोलाचा, पण ज्यांना पुढे मूल हवे आहे अशा तरुणींच्या पोटाचा स्नायू काढताना हात आखडावा लागतो.

आणि त्याच १९८२ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने औषध प्रशासनाला लेखी कळवले, की लहान स्तन ही विकृती असून ती खरे तर एक व्याधीच आहे. म्हणजे ज्यांना काही झालेले नाही अशा असंख्य निरोगी स्त्रिया एका कागदावर रुग्ण झाल्या. सिलिकॉनवरचे निर्बंध टाळण्यासाठीची ती खटपट होती. या विषयातला सर्वांत मोठा अपराध मी हाच मानतो. कारण यामुळे फक्त निरोगी स्त्रियांना न्यूनगंड दिला गेला असे नाही. जिला खरेच जन्मजात व्यंग होते तिचा शब्दही हिरावला गेला. सगळेच ‘व्यंग’ झाले तर खऱ्या व्यंगाकडे कोण लक्ष देणार?

पुढचा भाग थोडक्यात. तक्रारी वाढल्या, सुनावण्या झाल्या, स्त्रिया साक्षीला उभ्या राहिल्या, आणि १९९२ मध्ये अमेरिकी प्रशासनाने सिलिकॉन जेलच्या रोपणांवर बंधन घातले. पण त्या बंधनाला अपवाद होता. कर्करोगानंतरची पुनर्रचना आणि जन्मजात व्यंगाची दुरुस्ती यांसाठी, देखरेखीखाली, ती मिळत राहणार होती. संघटनेने दहा वर्षांपूर्वी पुसलेली रेघ शासनाने पुन्हा ओढली. बंदी २००६ मध्ये उठली. २०१० मध्ये फ्रान्समध्ये एका कारखान्याने औद्योगिक दर्जाचे सिलिकॉन भरल्याचे उघड झाले. २०१९ मध्ये खडबडीत पृष्ठभागाची काही रोपणे लसिकापेशींच्या एका दुर्मीळ कर्करोगाशी संबंध आढळल्याने जगभरातून मागे घेतली गेली. रोपण जन्मभर टिकत नाही. अठराव्या वर्षी ते बसवणाऱ्या मुलीला पुढे ते बदलण्याच्या शस्त्रक्रिया येणार, हे तिला आधीच सांगायला हवे.

चेर्नींची चरबीही परत आली. १९८७ मध्ये अमेरिकी सर्जनांनी स्तनात चरबी टोचण्याला विरोध केला होता, कारण तिच्यातून साकळणारे कॅल्शियम कर्करोगाच्या तपासणीत गोंधळ घालेल अशी भीती होती. २००९ मध्ये पुराव्यांचा फेरविचार होऊन दार किलकिले झाले. आता पोलंड सिंड्रोममध्ये मांडीची वा पोटाची चरबी थोडी थोडी, अनेक बैठकांत भरणे ही रुळलेली पद्धत आहे. काही चरबी विरघळते, म्हणून बैठका अनेक. पण अंगात परकी वस्तू राहत नाही.

मुलांच्या बाबतीतही दोन शब्द. सातव्या शतकातील बायझंटाईन वैद्य पॉल ऑफ एजिना याने पुरुषांच्या वाढलेल्या स्तनांवरची शस्त्रक्रिया लिहून ठेवली आहे: स्तनाखाली चंद्रकोरीसारखा छेद, आतली चरबी काढून टाके. कारण काय, तर हे बायकी दिसते आणि लाजिरवाणे आहे. पाहा, पुरुषाला लाज वाटली की तेराशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथातही उपचाराला प्रकरण मिळाले. मुलीच्या लाजेला नाव मिळायला विसावे शतक उजाडले.

एक व्यावहारिक सूचना, इतिहासाच्या बाहेरची पण आवश्यक. लहान मुलीच्या स्तनाग्राखाली लागणारी छोटी गाठ बहुधा स्तनाची कळीच असते. ती ‘काढून’ टाकली किंवा तिचा तुकडा तपासणीला घेतला तर त्या बाजूचा स्तन पुढे वाढत नाही. म्हणजे जन्मजात नसलेले व्यंग आपणच जन्माला घालतो. एरवीही अंतिम शस्त्रक्रिया वाढ पूर्ण होईपर्यंत थांबवलेलीच बरी.

आता आपल्या देशाकडे. भारतातील आरोग्य विम्याच्या प्रमाणित कलमांत सौंदर्य वा प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते. अपवाद कोणते? अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना आणि आरोग्याला तत्काळ धोका असल्यास वैद्यकीय गरज. जन्म हा शब्द त्या यादीत नाही. शिवाय जन्मजात दोषांची व्याख्या दोन भागांत केलेली आहे, ‘अंतर्गत’ आणि ‘बाह्य’. जो शरीराच्या दिसणाऱ्या भागावर असतो तो बाह्य, आणि अनेक पॉलिसी तो वगळतात. एखाद्या मुलीची छातीची बाजू अपघातात गेली असती तर पुनर्रचनेला पैसे मिळाले असते. कर्करोगात गेली असती तरी मिळाले असते. अमेरिकेनेही १९९८ मध्ये कायदा केला तो स्तन काढल्यानंतरच्या पुनर्रचनेपुरताच. ती जन्मतःच नव्हती, तर मात्र तो शौक ठरतो.

याविरुद्ध युक्तिवाद असतो, की दार उघडले तर १९८२ सारखे सगळेच आत येतील. भीती खोटी नाही. पण रीस-ॲस्टन आणि ग्रोलो यांनी रेघ ओढण्याची साधने केव्हाच दिली आहेत. स्नायू नसणे तपासात दिसते, आवळलेला पाया मोजता येतो, दोन बाजूंतला फरकही मोजता येतो. १९९२ मध्ये एका सरकारी कचेरीला जो भेद करता आला तो विम्याच्या कलमात एका ओळीने करता येईल: अपघात, भाजणे, कर्करोग यांच्यापुढे ‘जन्मजात अभाव वा विकृती’ एवढे शब्द.

शस्त्रक्रिया प्रत्येकीने करावी असे मी म्हणत नाही. अनेकींना ती नको असते आणि त्यांचे काही बिघडत नाही. माझा आग्रह निवड त्या मुलीच्या हाती असण्याचा आहे, आणि ज्या घरात पैसा आहे तिथेच ती निवड उरू नये याचा.

कावसजीचे चित्र पुण्यात असलेल्या जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने काढले होते. त्या चित्राची आणि ते लंडनला कसे पोहोचले त्याची हकीकत पुढच्या धाग्यात.